शेजाराला मार्क किती?

तुमच्या घरासमोर दोघांची जुंपली आणि प्रकरण हातघाईवर आलं, तर तुमचे शेजारी मध्ये पडतील का? नक्की पडतील, बहुधा पडतील, सांगता येत नाही, बहुधा नाही, मुळीच नाही. यांतलं एक उत्तर निवडा.

१९९५ साली शिकागो शहरात ८,७८२ माणसांना हा प्रश्न विचारला गेला. सोबत आणखी चार होते. शाळेला दांडी मारून पोरं कोपऱ्यावर टवाळक्या करत उभी असतील तर शेजारी काही बोलतील का? कोणी भिंत रंगवून विद्रूप करत असेल तर? एखादं कार्टं मोठ्या माणसाला उलटून बोललं तर? आणि शेवटचा जरा वेगळा: जवळचं अग्निशमन केंद्र निधीअभावी बंद करायचं घाटत असेल, तर वस्तीतले लोक हातपाय हलवतील का?

पाचही प्रश्नांत ‘तुम्ही काय कराल?’ असं कुठेच विचारलेलं नाही. तसं विचारलं असतं तर काय उत्तरं आली असती, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. स्वतःबद्दल विचारलं की आपण सगळेच धावून जाणारे असतो. दुसऱ्याबद्दल विचारलं की माणूस पुष्कळ खरं बोलतो. शिवाय मोजणाऱ्याला हवं असतं तेच नेमकं सांगतो: या गल्लीत तो कोणाच्या भरवशावर राहतो.

दुसऱ्या पाचाच्या संचात प्रश्नांऐवजी वाक्यं होती आणि ती पटतात की नाही ते सांगायचं होतं. इथले लोक शेजाऱ्याच्या मदतीला तयार असतात. ही वस्ती एकमेकांना धरून आहे. इथल्या माणसांवर विश्वास टाकता येतो. पुढची दोन मुद्दाम उलटी: इथल्या लोकांचं एकमेकांशी पटत नाही, बरंवाईट ठरवण्याची त्यांची रीत एकसारखी नाही. दारात उभं राहून प्रश्नावली ऐकणारा माणूस थोड्या वेळाने कंटाळतो आणि प्रत्येक वाक्याला ‘हो हो’ म्हणत सुटतो. मध्येच उलटं वाक्य आलं की तो सापडतो.

ही प्रश्नावली ज्या प्रकल्पातली, त्यावर आधारलेला निबंध ऑगस्ट १९९७मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात छापून आला. लेखक तिघं: रॉबर्ट सॅम्पसन हा समाजशास्त्रज्ञ, स्टीफन राउडेनबुश हा संख्याशास्त्रात मुरलेला शिक्षणसंशोधक आणि फेल्टन अर्ल्स हा बालमनोविकारतज्ज्ञ. जनगणनेचे ८४७ तुकडे जोडून त्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्या पाडल्या, प्रत्येकी साधारण आठ हजार लोकसंख्येच्या. दोन्ही संचांचे गुण एकत्र करून जे काही मोजलं गेलं त्याला त्यांनी ‘कलेक्टिव्ह एफिकसी’ म्हटलं. आपण त्याला वस्तीचं बळ म्हणू. दोन संच एकत्र का केले? वस्तीच्या पातळीवर पाहिलं तर त्यांच्यातला सहसंबंध ०.८० इतका घट्ट निघाला म्हणून. जिथे माणसं एकमेकांवर विश्वास टाकतात तिथेच ‘कोणीतरी मध्ये पडेल’ ही खात्रीही असते.

इथे राउडेनबुशचा हात कसा लागला ते सांगायला हवं, कारण खरी करामत तिथे आहे. हा माणूस आधी शाळांचा हिशेब मांडत असे. समजा एका शाळेतल्या मुलांना गणितात सरासरी ४५ गुण मिळाले आणि दुसरीत ६०. याचा अर्थ दुसरी शाळा चांगली असा होतो का? कदाचित तिथे शिकलेल्या आईबापांची मुलं जास्त असतील. कदाचित पेपरच एकाला सोपा, दुसऱ्याला अवघड गेला असेल. प्रश्नाचा फरक, मुलाचा फरक आणि शाळेचा फरक असे तीन थर वेगळे केल्याशिवाय शाळेबद्दल बोलता येत नाही. राउडेनबुशने नेमकं हेच तंत्र वस्तीला लावलं. कोणता प्रश्न कठीण, कोणता सोपा, हे आधी बाजूला काढलं. मग माणसाचा स्वभाव आणि परिस्थिती बाजूला काढली: स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे, वयस्क आणि खाऊनपिऊन सुखी लोक आपल्या वस्तीला सढळ हाताने गुण देतात, तर वरचेवर घरं बदलणारे हात आखडता घेतात. एवढं सगळं वजा करून खाली जे उरतं, ते वस्तीचं.

आणि तेही किती खात्रीचं? एका वस्तीत वीस जणांना विचारलं तर मापाची विश्वसनीयता ०.८०, पन्नास जणांना विचारलं तर ०.९१. म्हणजे वीस शेजाऱ्यांची मतं नीट गोळा केली की आठ हजारांच्या वस्तीबद्दल बऱ्यापैकी खात्रीने बोलता येतं. मला स्वतःला या अभ्यासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. एकट्या माणसाचं मत हे त्याच्या तब्येतीपासून कालच्या भांडणापर्यंत कशानेही रंगलेलं असतं, आणि तरीही वीस रंगलेल्या मतांमधून गल्लीचा चेहरा दिसायला लागतो.

निष्कर्ष गाजला तो गुन्हेगारीमुळे. ज्या वस्त्यांचं बळ जास्त, तिथे हिंसक गुन्हे कमी, आणि गरिबीचा परिणाम हिशेबात धरल्यावरही हा फरक उरतो. पण त्याच निबंधातला दुसरा आकडा तितका गाजला नाही. एका वस्तीचं बळ जास्त आणि दुसरीचं कमी का, यातला ७० टक्के फरक तीनच गोष्टींतून उलगडतो: एकवटलेली गरिबी, स्थलांतरितांचं प्रमाण आणि लोक त्या जागी किती वर्षं टिकून राहतात. हा आकडा विसरला की मोजमापाचा दुरुपयोग सुरू होतो. मग पालिकेचा अधिकारी म्हणतो, तुमच्या वस्तीत एकीच नाही, आम्ही काय करणार? दर अकरा महिन्यांनी भाडेकरार संपून बिऱ्हाड उचलावं लागणाऱ्या माणसाला शेजाऱ्याची नावं पाठ नसतात, यात त्याच्या माणुसकीचा संबंध कमी आणि घरमालकाचा जास्त.

आता जवळिकीबद्दल. शेजार मोजायचा म्हटलं की बहुतेकांच्या मनात ओळखदेख, उठबस, येणंजाणं, विरजणाची वाटी हेच येतं. सॅम्पसनने ते मध्यभागी ठेवलं नाही. लोकांचा एकमेकांशी घरोबा असेलच असं नाही, पण वेळ आली तर कोणीतरी पुढे होईल ही अपेक्षा पुरेशी आहे, असं त्याचं म्हणणं. हे पटवून घ्यायला शिकागोतलंच आणखी एक पुस्तक कामी येतं. मेरी पॅटिलो या समाजशास्त्रज्ञ बाईंनी शहराच्या दक्षिण भागातल्या एका कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय वस्तीत राहून अभ्यास केला आणि १९९९ साली तो ‘ब्लॅक पिकेट फेन्सेस’ या नावाने प्रसिद्ध झाला. वस्तीला त्यांनी ग्रोव्हलँड हे टोपणनाव दिलं. घरोब्याच्या दृष्टीने पाहिलं तर ही वस्ती पहिल्या वर्गात पास झाली असती: पिढ्यान्‌पिढ्या शेजारी, चर्च एक, शाळा एक, नात्यागोत्याचं जाळं. पण त्याच जाळ्यात टोळीवाले आणि अमली पदार्थ विकणारेही होते, कारण तेही कोणाचे तरी मुलगे, पुतणे, भाचे. समोरच्या मावशींचा मुलगा काय धंदा करतो हे सगळ्यांना ठाऊक. पण मावशींचं तोंड बघून पोलिसांत कोण जाणार? त्या टोळीलाही आपल्या आईच्या दारात गोळीबार नको असतो, त्यामुळे एक प्रकारची शांतता टिकून राहते. ही आपल्याकडे न कळण्यासारखी गोष्ट नाही. गावात ‘आपलाच पोरगा आहे’ म्हणून कितीतरी गोष्टींवर पांघरूण घातलं जातं. अशा वस्तीला नुसत्या ओळखींच्या संख्येवर गुण दिले तर माप फसतं.

मोजण्याचा खटाटोप अर्थातच शिकागोच्या या तिघांपासून सुरू झालेला नाही. १९२५च्या सुमारास एमरी बोगार्डस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने सामाजिक अंतराची मोजपट्टी तयार केली. कल्पना सुचवली होती शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट पार्कने. सात पायऱ्या. अमुक समाजाच्या माणसाशी सोयरीक चालेल का? क्लबात जिवलग मित्र म्हणून? आपल्या रस्त्यावर शेजारी म्हणून? आपल्या धंद्यात सहकारी म्हणून? देशाचा नागरिक म्हणून? नुसता पाहुणा म्हणून? की देशात पाऊलच नको? शेजारी तिसऱ्या पायरीवर, म्हणजे सहकाऱ्याच्याही वर. ऑफिसात मांडीला मांडी लावून बसणारा चालतो, पण शेजारच्या दारात नको, असं म्हणणारी माणसं जगभर आहेत. घर भाड्याने देताना आधी आडनाव विचारणाऱ्या आपल्या शहरांना ही पट्टी समजावून सांगावी लागत नाही.

१९८८मध्ये बकनर या मानसशास्त्रज्ञाने वस्तीतल्या एकसंधतेसाठी अठरा वाक्यांची प्रश्नावली रचली. मी शेजाऱ्यांच्या घरी जातो, वस्तूंची देवाणघेवाण करतो, अडचणीत सल्ला विचारायला इथे कोणीतरी आहे, अशी ती वाक्यं. ही प्रश्नावली पुढे अनेक देशांत वापरली गेली. तिच्यातलं एक वाक्य मला फार चतुर वाटतं. वस्तीत काही ठरत असेल तर ते ‘आम्ही’ करतोय असं वाटतं की ‘ते’ करताहेत असं? सोसायटीच्या वार्षिक सभेनंतर जिन्यात काय बोललं जातं ते ऐका. ‘यंदा त्यांनी रंग काढायचं ठरवलंय’ आणि ‘यंदा आपण रंग काढतोय’ या दोन वाक्यांवरून त्या इमारतीबद्दल बरंच कळतं, आणि त्यासाठी एकही प्रश्न विचारावा लागत नाही.

मनात काय आहे हे न विचारता जागाच मोजणारेही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत, लष्करातून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभी राहिली. घरं कोणाला निवडता आली नव्हती, रांगेत नंबर लागेल तसं मिळेल ते घर. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी तिथल्या लोकांना विचारलं, तुमची सर्वांत जास्त ऊठबस कोणाशी? दुमजली इमारती, एका मजल्यावर पाच बिऱ्हाडं. लगतच्या दाराचं नाव घेण्याचं प्रमाण ४१ टक्के, एक दार सोडून पलीकडच्याचं २२, मजल्याच्या दुसऱ्या टोकाचं १०. आणि ही टोकं तरी कितीशी लांब? जेमतेम ८८ फूट. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी होत्या. कारण साधं: वरची माणसं रोज त्यांच्या दारावरून जात. ज्यांची दारं अंगणाऐवजी रस्त्याकडे तोंड करून होती, त्यांना मित्र कमी. १९५० साली हे पुस्तकरूपाने आलं आणि वास्तुविशारदांच्या आवडीचं झालं.

त्याची दुसरी बाजू १९७६ साली पुढे आली. कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत संशोधकांनी आवडत्या माणसांबरोबर नावडत्यांचीही नावं विचारली. नावडती माणसं आवडत्यांपेक्षाही जवळ राहणारी निघाली! मैत्रीसाठी भेटीगाठी लागतात. वैरासाठी रात्री अकराला लावलेला रेडिओ, कुत्र्याची घाण किंवा वाकडी उभी केलेली गाडी पुरते.

पाठिंबा मोजायचा म्हटलं की वेगळंच त्रांगडं समोर येतं. सरळ उपाय कोणता? ‘गेल्या वर्षात शेजाऱ्यांनी तुम्हाला किती वेळा मदत केली?’ असं विचारायचं आणि मोजायचं. गंमत अशी की अशी मोजणी केली की बऱ्याचदा जास्त मदत मिळालेले लोक जास्त दुःखी निघतात. मदत घातक असते म्हणून नव्हे. ज्याच्या घरात आजारपण, बेकारी, मृत्यू, त्याच्याच दारात लोक डबे घेऊन येतात. शिवाय घेतलेल्या मदतीचं ओझंही असतं. याउलट ‘गरज पडली तर कोणी येईल असं वाटतं का?’ असं विचारलं, तर ज्यांना तशी खात्री आहे त्यांची मनःस्थिती संकटातही बरी राहते. १९८६ साली एलेन वेथिंग्टन आणि रोनाल्ड केसलर यांनी संकटातून गेलेल्या माणसांच्या बाबतीत हे दाखवून दिलं: मिळालेल्या मदतीपेक्षा मिळेल या खात्रीचा आधार मोठा. सॅम्पसनचे प्रश्न अपेक्षेबद्दल का आहेत, घडून गेलेल्या प्रसंगांबद्दल का नाहीत, याचं उत्तर इथेही सापडतं. ज्या गल्लीत मारामाऱ्याच होत नाहीत तिथे कोण किती वेळा मध्ये पडलं हे मोजून हाती शून्य येणार.

आरोग्याच्या अंगाने या विषयातला सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यातला. १९६५ साली ६,९२८ प्रौढांची माहिती घेतली आणि पुढची नऊ वर्षं कोण जगलं, कोण गेलं, याची नोंद ठेवली. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ साली हिशेब मांडला: सर्वांत कमी संबंध असलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त संबंध असलेल्यांच्या तुलनेत पुरुषांत २.३ पट, स्त्रियांत २.८ पट. संबंध म्हणजे काय धरलं होतं? लग्न, मित्र-नातेवाइकांच्या भेटी, चर्चचं सभासदत्व आणि इतर मंडळं. शेजाऱ्याला स्वतःचा असा रकानाच नव्हता. तो मित्र झाला तर मोजला जाणार, नाहीतर नाही. शेजाराबद्दल बोलताना हा अभ्यास पुढे करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तर बरं.

शेजाराची खरी परीक्षा शिकागोतच झाली, आणि तीही सॅम्पसनच्या माणसांनी दारं वाजवली त्याच वर्षी. १३ जुलै १९९५ रोजी तिथे पारा ४१ अंश सेल्सियसवर गेला. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण विटांच्या बंद घरांतून राहणाऱ्या, दमट हवेत रात्रीही गारवा न मिळणाऱ्या त्या शहरात आठवड्याभरात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. शवागारात जागा पुरेना म्हणून शीतकरणाचे ट्रक मागवावे लागले. मेलेल्यांत एकटी राहणारी, घराबाहेर न पडणारी म्हातारी माणसं फार होती. एकट्या राहणाऱ्यांत म्हाताऱ्या बाया जास्त असूनही पुरुष जास्त दगावले, कारण बायांचं कोणाशी ना कोणाशी बोलणं असे.

एरिक क्लिनेनबर्गने ‘हीट वेव्ह’ या २००२ सालच्या पुस्तकात दोन लगतच्या वस्त्या घेतल्या. नॉर्थ लाँडेल आणि साउथ लाँडेल. गरीब म्हातारे दोन्हीकडे, एकटे राहणारे दोन्हीकडे. उन्हाळ्याच्या त्या आठवड्यात एकीकडे लाखामागे ४० मृत्यू, दुसरीकडे लाखामागे ४. नॉर्थ लाँडेलची लोकसंख्या १९६०मध्ये सव्वा लाख होती. कारखाने गेले, सिअर्स कंपनीचं मुख्यालय शहराच्या मध्यभागी हललं, आणि १९९०पर्यंत ४७ हजार लोक उरले. मोकळे प्लॉट, बंद दुकानं, सुनसान रस्ते. म्हातारा माणूस बाहेर पडायला भ्यायचा. साउथ लाँडेल मेक्सिकोहून आलेल्यांनी भरलेलं. त्याच्या २६व्या रस्त्यावर बेकऱ्या, किराणा, फेरीवाले, पोराबाळांची वर्दळ. म्हातारी बाई पाव आणायला उतरली की गार दुकानात दहा मिनिटं टेकायची, आणि दोन दिवस आली नाही तर कोणाच्या तरी लक्षात यायचं.

आता इथे कोणालाही वाटेल की सॅम्पसनच्या मापाने हे मृत्यू अचूक उलगडतील: बळ जास्त, मृत्यू कमी. २००६ साली क्रिस्टोफर ब्राउनिंग आणि सहकाऱ्यांनी तीच प्रश्नावली आणि शहरभरचे मृत्यू एकमेकांसमोर ठेवून पाहिलं. तसं निघालं नाही. शेजाऱ्यांच्या येण्याजाण्याचे गुण असोत की वस्तीच्या बळाचे, उष्माघाताच्या मृत्यूंशी त्यांचा ठोस संबंध दिसेना. दिसला तो दुकानांशी. जिथे धंदे बसले होते, दुकानं ओस पडली होती, त्या वस्त्यांत त्या उन्हाळ्यात मृत्यू जास्त. आणि १९९० ते १९९४ या आधीच्या साध्या उन्हाळ्यांत हाच संबंध तितका दिसत नव्हता.

मला यात प्रश्नावलीचा पराभव दिसत नाही, तिची हद्द दिसते. तिने विचारलं होतं पोरांबद्दल, भिंतींबद्दल, मारामारीबद्दल. तिसऱ्या मजल्यावर खिडकी लावून पडलेल्या माणसाचं दार कोणी ठोठावेल का, हे कोणीच विचारलं नव्हतं. जो घराबाहेरच पडत नाही त्याला वस्तीच्या बळाचा उपयोग होण्यासाठी आधी तो कोणाला तरी दिसायला हवा, आणि दिसण्यासाठी बाहेर जायचं काहीतरी निमित्त हवं. किराणा दुकानदार सामाजिक आधाराच्या कोणत्याही प्रश्नावलीत सहसा नसतो. ना तो नातेवाईक, ना मित्र, ना मंडळाचा सभासद. पण उधारीच्या वहीमुळे गल्लीतला कोणता म्हातारा आठवड्याभरात फिरकला नाही हे त्याला इतर कोणाहीपेक्षा आधी कळतं.

तोंडी उत्तरांवर विश्वास नसलेल्यांनी आणखी एक युक्ती काढली आहे. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट फुटपाथवर टाकून द्यायचं आणि कोणी उचलून पेटीत टाकतं का ते बघायचं. स्टॅन्ली मिलग्रम आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली न्यू हेवनमधल्या अशा प्रयोगाचा वृत्तांत छापला. चारशे पाकिटं. वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नावाची ७२ टक्के पोहोचली, एका व्यक्तीच्या नावाची ७१, आणि कम्युनिस्ट पक्षाच्या मित्रांच्या किंवा नाझी पक्षाच्या मित्रांच्या नावाची प्रत्येकी २५. सॅम्पसननेही पुढे शिकागोत तीन हजारांहून अधिक पाकिटं टाकून वस्त्यावस्त्यांतला फरक पाहिला. हे माप मला आवडतं, कारण पाकीट उचलणाऱ्याला आपण परीक्षेला बसलोय हे ठाऊक नसतं. आपल्याकडे मात्र पोस्टाची पेटी शोधण्यातच प्रयोग संपायचा.

नेदरलँड्समध्ये मार्टिन व्हॅन डर खाख आणि टॉम स्नायडर्स यांनी जी यादी केली ती जास्त उचलण्यासारखी आहे. मित्र किती, असं न विचारता, अमुक काम करू शकेल असं कोणी ओळखीचं आहे का, असं विचारायचं: सायकल दुरुस्त करणारं, सरकारी नियमांची माहिती असलेलं, आजारपणात बाजारहाट करून देणारं. ही यादी वरळीच्या बीडीडी चाळीत करायची तर वेगळी होईल. वरळीसह मुंबईत १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडीच्या २०७ इमारतींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या, संडास मजल्यावर सामायिक. आता त्यांच्या जागी टॉवर उभे राहताहेत आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळतो आहे. तिथे मी विचारीन: घराची जादा किल्ली कोणाकडे ठेवता? कुरिअर कोण घेतं? रात्री दोन वाजता रिक्षा करून केईएमला न्यायची वेळ आली तर कोणाचं दार वाजवाल, आणि तो माणूस याच मजल्यावरचा आहे का? मुंबईत मयतीला खांदा द्यायला किती जण येतील हा प्रश्न कोणत्याही परदेशी प्रश्नावलीत नाही, पण चाळीतला कोणीही त्याचं उत्तर आकड्यात देईल. जागा मोठी झाली आणि सामायिक संडास गेला हे चांगलंच झालं. त्या संडासाच्या रांगेतल्या ओळखींवर गहिवरून लिहिणाऱ्यांपैकी कोणी त्या रांगेत उभं राहायला परत जाणार नाही. पण ज्यांना खरंच तुलना करायची त्यांनी खोल्या रिकाम्या व्हायच्या आतच हे प्रश्न विचारून ठेवायला हवेत. जुन्या चाळीबद्दल नव्या टॉवरमध्ये बसून विचारलं तर उत्तरात आठवणी येतात.

भारतभर अशी मोजणी झालेली आहे. एनसीएईआर ही दिल्लीची संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून २००४-०५मध्ये ४१,५५४ कुटुंबांची पाहणी केली आणि २०११-१२मध्ये बहुतेक त्याच घरांत पुन्हा गेले. त्यातला वस्तीच्या एकीबद्दलचा प्रश्न शिकागोच्या अग्निशमन केंद्रापेक्षा आपल्याला जवळचा आहे: पाण्याची अडचण आली तर इथले लोक एकत्र येऊन सोडवतात, की ज्याचं त्याने बघायचं? गावात किंवा मोहल्ल्यात साधारण मिळूनमिसळून आहे की भांडणतंटा, हेही विचारलं. डॉक्टर, शिक्षक, सरकारी नोकर यांपैकी कोणाशी ओळख आहे का, हेही.

दुसऱ्या फेरीत आणखी एक प्रश्न होता. घरात कोणी शिवाशिव पाळतं का? नाही म्हटलं, तर पुढे: अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्याने तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही उत्तरं एकत्र धरली तर साधारण २७ टक्के कुटुंबं कोणत्या ना कोणत्या रूपात शिवाशिव पाळत असल्याचं निघालं. खेड्यांत ३० टक्के, शहरांत २०. तेही परक्या माणसासमोर तोंडाने दिलेलं उत्तर, म्हणजे प्रत्यक्षातला आकडा याहून खाली असण्याची शक्यता कमीच.

एकीबद्दलचा आणि स्वयंपाकघराबद्दलचा असे दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला विचारलेले असल्यामुळे ते शेजारीशेजारी ठेवता येतात. पाण्यासाठी सगळं गाव एकत्र येतं असं सांगणारं घर भांड्यांच्या प्रश्नावर नकार देऊ शकतं, आणि त्याला स्वतःला त्यात काही विसंगत वाटत नाही. शिकागोची पट्टी जशीच्या तशी उचलून आणली तर अशा गावाला एकसंधतेचे भरघोस गुण पडतील. गुण देणारे वीस जण गावाच्या कोणत्या बाजूचे निवडले, यावर ते गुण बदलतीलही. आणि म्हणून आपल्याकडे वस्तीची सरासरी काढण्याआधी तिच्या दोन टोकांची उत्तरं वेगवेगळी छापावीत, असं मला वाटतं.